काळ्या मातीतलं केकताड

२ सप्टेंबर २०२४ ला पोळा होता. आदल्या दिवशी लागलेला पाऊस त्या दिवशीही थांबला नाही. परभणी जिल्ह्यात ते दोन दिवस ज्यांनी काढले त्यांना वेगळं सांगायला नको. ओढे रस्त्यांवर आले, सोयाबीन आणि कापूस पाण्यात गेला, कित्येक घरांचे बैल वेशीपर्यंत न्यायचे राहिले. गोठ्यातच त्यांचे पाय धुऊन, पुरणपोळीचा घास भरवून सण केला. माणसांचं आणि जित्राबांचं एवढं नुकसान झालेलं असताना एका झाडाचं दुःख सांगणं तेव्हा मला बरं वाटलं नाही. आज सांगतो, कारण ही पुस्तिका त्या झाडामुळेच लिहिली गेली.

माझ्या अंगणात, फाटकातून आत आल्यावर उजव्या हाताला, सतरा वर्षांचं घायपात, आमच्याकडचं केकताड, होतं. निळसर राखाडी रंगाचं, छातीएवढ्या उंचीचं, पसारा आठ फुटांचा. आमच्या शेताच्या बांधावरून आणलेलं पिल्लू मीच तिथं लावलं होतं. २०१६ साली, शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यात, मी त्याला फेब्रुवारीपासून जूनपर्यंत तांब्याभरसुद्धा पाणी घातलं नव्हतं. घालायला नव्हतंच. त्याने पाती थोडी आत ओढून घेतली, खालच्या दोन-तीन वाळवल्या, आणि मृगाच्या सरी पडल्यावर पंधरा दिवसांत पुन्हा टरारून उभं राहिलं. ते झाड पोळ्याच्या पावसाने दोन दिवसांत संपवलं.

कळलं मात्र दहा-बारा दिवसांनी. खालची पाती भुईला टेकलेली दिसली म्हणून सरळ करायला गेलो, तर पातं बुडापासून निसटून हातात आलं. पाठोपाठ दुसरं. बुंध्यात शिजलेल्या भोपळ्यासारखा लगदा झाला होता आणि कुजक्या कांद्यासारखा वास येत होता. मुळांची नुसती काळी सालं उरली होती, चिमटीत धरली की सुटून येत होती. झाडाभोवती मी मोठ्या हौसेने केलेलं आळं होतं, कडेने विटा लावलेलं. त्या आळ्याच्या तळाला दहा दिवसांनंतरही पाऊल रुतेल एवढा चिखल होता.

ते आळं पाहताना मला आमच्या गावातले आबा आठवले. केकताडाचा वाख, म्हणजे पात्यातला धागा, काढून दोर वळणं हे त्यांच्या घरचं काम. मी सात-आठ वर्षांचा असताना बांधावरच्या केकताडाच्या बुडाशी मोठ्या मायेने पाणी ओतत होतो, तेव्हा त्यांनी माझ्या हातातली कळशी काढून घेतली होती. म्हणाले होते, ‘‘पाण्यानं मरतंय बग लेकरा ते, उन्हानं न्हाई मरत.’’ चाळीस वर्षांनी ते वाक्य मला खरं करून बघावं लागलं.

या पुस्तिकेत जे काही आहे ते या एका वाक्याचा विस्तार आहे. परभणीच्या उन्हात घायपात तगतं, हिवाळ्यातल्या कडाक्यातही तगतं. आपल्या काळ्या मातीत साठलेल्या पाण्यात ते तगत नाही. आणि हे ज्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं त्यांचं म्हणणं मी वाचलेल्या कुठल्याही बागकामाच्या पुस्तकात आलेलं नाही.

आधी नावाचं बोलू, कारण नावावरून बराच घोळ होतो. आमच्याकडे मराठवाड्यात केकताड, इतरत्र घायपात, कुठे केतकी, कुठे केकती. रोपवाटिकेत गेलात तर अगेव्ह. घाय म्हणजे जखम आणि पात म्हणजे पातं. पात्याच्या टोकाचा काटा एकदा पोटरीत घुसला की या नावाबद्दल शंका राहत नाही. केतकी हे नाव मात्र मुळात दुसऱ्याचं. संस्कृतात आणि जुन्या मराठीत जिथे केतकीचा सुगंध दरवळतो तिथे तो केवड्याचा असतो. केवड्याचीही पाती लांब, तलवारीसारखी, काठाला काटे असलेली. समुद्रापलीकडून आलेल्या या पाहुण्याला आपल्या लोकांनी ओळखीच्या झाडाचं नाव दिलं आणि घरचं करून घेतलं. मला हे फार आवडतं. परक्या झाडाला एवढ्या सहज आपलं नाव बहाल करणं हेही एक प्रकारचं लावणं आणि रुजवणंच आहे.

दुसरा घोळ कोरफडीचा. दिसायला चुलत भावंडं वाटली तरी कोरफड आणि केकताड वेगळ्या गोताची आहेत. कोरफडीचं पातं मोडलं की आत गर निघतो. केकताडाचं पातं मोडायला गेलात तर ते मोडतच नाही, धाग्यांनी धरून ठेवतं. कोरफड फुलते आणि पुन्हा फुलते. केकताड आयुष्यात एकदाच फुलतं. कोरफडीचा गर आपण अंगाला लावतो; केकताडाचा चीक अंगाला लागला तर आग होते, खाज सुटते, कुणाच्या अंगावर फोडही येतात. त्या चिकात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते कातडीत रुततात. ‘कोरफडीसारखंच आहे’ म्हणून कुणी याचा रस चेहऱ्याला लावला, असं ऐकलं की काळजात धस्स होतं. कृपा करून तसं करू नका.

हे झाड मूळचं मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या कोरड्या मुलखातलं. तिथल्या लोकांनी याच्यापासून दोर, कापड, चटया आणि मद्य तर केलंच, शिवाय पात्याच्या टोकाचा काटा मागच्या धाग्यांसकट सोलून काढला की आयती सुई-दोऱ्याची जोडी मिळते, हेही त्यांनीच शोधलं. स्पॅनिश आणि पोर्तुगीज गलबतांबरोबर हे जगभर पसरलं. १७५३ साली कार्ल लिनियसने याच्या प्रजातीला ग्रीक शब्दावरून ‘अगेव्ह’ हे नाव दिलं. अर्थ भव्य, थोर. उघड्या माळावर याचा वीस-पंचवीस फुटांचा फुललेला दांडा ज्याने पाहिला आहे त्याला हे नाव मोठं वाटणार नाही.

याच्या चिवटपणाची एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. १८९३ मध्ये रिचर्ड हिंडॉर्फ या जर्मन शास्त्रज्ञाने पूर्व आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीसाठी, म्हणजे आजच्या टांझानियासाठी, अमेरिकेतल्या फ्लॉरिडातून सिसल जातीच्या घायपाताची हजार रोपटी मागवली. बोटीचा प्रवास लांबचा. पोहोचली तेव्हा त्यातली ६२ जिवंत होती. त्या बासष्टांतून जो पसारा झाला त्याच्या जोरावर विसाव्या शतकाच्या मध्याला टांगानिका, म्हणजे तोच प्रदेश, जगातला सगळ्यांत मोठा सिसल उत्पादक झाला होता. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण अभिमानाने म्हणतो. त्या जर्मनीचा आणि आपल्या बांधावरच्या केकताडाचा असा एक धागा निघतो, याचा मला हे वाचलं तेव्हा फार आनंद झाला होता.

आपल्याकडे याच्या दोन-तीन जाती रुळल्या. निळसर, जाड पात्यांचं अमेरिकाना, अरुंद, हिरव्या पात्यांचं कँटाला, ज्याचा वाख परदेशी व्यापारात ‘बॉम्बे अ‍ॅलो’ या नावाने ओळखला जाई, आणि सिसल. ओडिशातल्या संबळपूर जिल्ह्यात बामरा इथे १९६२ पासून केवळ सिसलवर काम करणारं सरकारी संशोधन केंद्र आहे. इंग्रजांच्या अमदानीत लोहमार्गांच्या कडेने गुरं आत येऊ नयेत म्हणून याची कुंपणं लावली गेली. शेतकऱ्याने ते बांधावर नेलं. एकदा लावलं की राखण करायला माणूस नको, खत नको, पाणी नको.

आणि बांधावरून ते दोर वळणाऱ्यांच्या हातात गेलं.

पोळ्याच्या महिनाभर आधी आमच्या गावाच्या ओढ्याला एक विशिष्ट वास यायचा. तो केकताडाचा. आबा आणि त्यांच्या घरचे विळ्याने खालची, आडवी झालेली पाती तेवढी कापत; मधल्या उभ्या पात्यांना हात लावत नसत. पाती चिरून, पेंढ्या बांधून ओढ्याच्या डबक्यात दगडाखाली दाबून ठेवत. आठ-पंधरा दिवसांत गर कुजला की दगडावर आपटून, लाकडाने झोडपून, धुऊन धुऊन आतला वाख मोकळा करत. ओल्या पात्याच्या वजनात वाख भरतो जेमतेम तीन-चार टक्के. म्हणजे मणभर पाती कापली तरी हाती दीड किलोच्या आसपास. ओढ्याच्या काठच्या बाभळींवर वाळत टाकलेला तो पांढराशुभ्र वाख वाऱ्यावर हलताना म्हाताऱ्या बाईच्या मोकळ्या केसांसारखा दिसे. त्यांच्या हातांवर कोपरापर्यंत चिकाने उठलेले चट्टे असत. गोडं तेल लावून ते कामाला बसत.

मग वळण्याचं काम. एक जण लाकडी फिरकी फिरवत मागे मागे सरकायचा, दुसरा काखेतल्या वाखाची एकेक बट सोडत जायचा. दावं, कासरा, वेसण, म्होरकी, मोटेचा नाडा, शिंकं. प्रत्येकाची जाडी वेगळी, पीळ वेगळा. लाल कंधारी बैलाच्या नाकातली वेसण मऊ लागते, तिच्यासाठी वाख जास्त वेळ विंचरायचा. पोळ्याला शेतकऱ्याच्या बैलांचा नवा साज आबांच्या मातंग समाजाच्या हातून यायचा, आणि बदल्यात खळ्यावर मिळायचं ते बलुतं. ते बलुतं त्या कष्टाला, त्या चट्ट्यांना आणि त्या ज्ञानाला पुरेसं नव्हतं, हे आज स्पष्ट लिहिलं पाहिजे. पुढे नायलॉनचा दोर आला. स्वस्त, टिकाऊ, निळा-पिवळा. तो बैलाच्या मानेला काचतो, नाकाला चिरतो, पण कुजत नाही. ओढ्याचा वास गेला. केकताडाकडे बघणारी नजरही गेली, आणि बांध कोरताना जेसीबीने पहिलं उपटलं ते केकताड.

आज तेच झाड शहरात शोभेचं म्हणून दोनशे-चारशे रुपयांना कुंडीत मिळतं. विकत घेणाऱ्याला कुणी सांगत नाही की याची पाती कोणती कापायची, कोणती राखायची, पाणी केव्हा बंद करायचं. आबांच्या घरात हे शेंबड्या पोरालाही येत होतं. खालची पाती कापा, मधला कोंब आणि त्याभोवतीची वीस-पंचवीस पाती राखा, हा आबांचा नियम आणि सिसलच्या मोठ्या मळ्यांतला नियम एकच आहे.

आता हे झाड पाण्याशिवाय जगतं कसं ते पाहू. ते कळलं की काळजी कशी घ्यायची हे वेगळं पाठ करावं लागत नाही. आपली बहुतेक झाडं दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रं उघडून हवा आत घेतात. परभणीच्या मे महिन्यात, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकलेला असताना, छिद्र उघडलं की आतलं पाणी उडून जातं. केकताड दिवसभर दारं लावून बसतं. रात्री गारवा आला की उघडतं, कार्बन डायऑक्साइड आत घेतं आणि आम्लाच्या रूपात साठवून ठेवतं. सकाळी दारं बंद, आणि साठवलेल्या त्या शिदोरीवर दिवसाच्या उन्हात साखर तयार करायची. म्हणून याच्या पात्याचा रस पहाटे जास्त आंबट असतो आणि संध्याकाळपर्यंत त्याचा आंबटपणा उतरतो. पात्यावरचा तो पांढुरका, बोटाने पुसला जाणारा थर म्हणजे मेण. तोही पाणी राखण्यासाठीच. कौतुकाने रोज ओल्या फडक्याने पाती पुसणारी एक गृहिणी मला ठाऊक आहे. तिची हौस मी समजू शकतो, पण ती झाडाची ओढणीच काढून घेत होती.

एवढी राखण करणाऱ्या झाडाची मुळं मात्र उथळ असतात. पहिल्या सरीचं पाणी चटकन पिऊन घ्यायचं आणि मग कोरडं राहायचं, या हिशेबाने ती पसरतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. आणि इथेच आपली काळी माती आडवी येते. गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यातली आपली भारी जमीन ज्वारी-कापसाची माय आहे, तिच्याबद्दल मी वावगा शब्द काढणार नाही. पण तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते. फुगली की कणांमधल्या पोकळ्या मिटतात आणि मुळांचा श्वास कोंडतो. उन्हाळ्यात ती आक्रसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगा उथळ मुळं ताणून तोडतात. म्हणजे पावसाळ्यात गुदमरणं आणि उन्हाळ्यात तुटणं. तोडलेल्या मुळांच्या जखमा घेऊन झाड पावसाला सामोरं जातं, आणि कुजवणाऱ्या बुरशीला वाट सापडते. माझ्या झाडाचं हेच झालं असणार. सतरा वर्षं तगलं, कारण त्या सतरा वर्षांत सलग दोन दिवस असा पाऊस आळ्यात साचला नव्हता.

याउलट जिंतूरच्या डोंगराळ पट्ट्यात किंवा गंगाखेडच्या बालाघाटी माळांवर जाऊन बघा. मुरमाड, दगडाळ, कुसळाशिवाय काही न येणारी जमीन, आणि तिथे केकताड राजासारखं बसलेलं. पाऊस पडतो, उताराने निघून जातो. तेव्हा परभणी शहरात, सेलूत, मानवतला, पाथरीला ज्यांच्या अंगणात काळी माती आहे त्यांनी करायचं ते एवढंच: त्या माळाचा एक तुकडा अंगणात आणायचा.

तो कसा, हे पुढच्या प्रकरणात मोजमापांसह आहे. इथे नुसता सांगाडा. आधी फूटभर खोल खड्डा खणून त्यात बादलीभर पाणी ओता. तीन-चार तासांत जिरलं नाही तर त्या जागी जमिनीत काहीही लावू नका, जमिनीच्या वर लावा. दीड-दोन फुटांचा उंचवटा करा. खाली विटांचे आणि दगडाचे तुकडे, वर दोन भाग मुरूम किंवा जाड वाळू आणि एक भाग माती, मूठ-दोन मूठ पूर्ण कुजलेलं शेणखत. उंचवट्याला चारी बाजूंनी उतार हवा. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ गेली कित्येक वर्षं सोयाबीनसाठी रुंद वरंबा सरीचा आग्रह धरतं, त्यामागचं कारण हेच आहे: पीक उंचावर, जास्तीचं पाणी सरीतून बाहेर. शेतात जे आपल्याला पटलं आहे ते अंगणात विसरण्याचं कारण नाही. हे विद्यापीठ १९७२ च्या मे महिन्यात, महाराष्ट्राच्या मोठ्या दुष्काळाच्या वर्षी, इथे उभं राहिलं. दुष्काळात जगणाऱ्या झाडाबद्दल लिहिताना मला हे साल नेहमी आठवतं.

पिल्लू लावायचं तर त्याआधी सावलीत पाच-सहा दिवस उघडं ठेवा. कापलेल्या बुडाची जखम सुकून खपली धरली पाहिजे. ताजी जखम ओल्या मातीत गेली की कूज ठरलेली. लावण्याची वेळ माझ्या अनुभवाने नवरात्रानंतरची: पाऊस सरलेला, जमिनीत थोडी ओल, पुढे चार-पाच महिने मुळं पसरायला मोकळे. बहुतेक लोक जूनमध्ये लावतात, कारण आपल्याकडे सगळंच जूनमध्ये लावायची सवय. केकताडाच्या बाबतीत ती सवय मोडा.

एक इशारा विकतच्या रोपांबद्दल. मी एका रोपवाटिकेतून पांढऱ्या काठाचं एक सुंदर रोप आणलं होतं. ते निव्वळ कोकोपीटमध्ये, हिरव्या जाळीच्या सावलीत वाढवलेलं. आणल्या दिवशीच, एप्रिलच्या उन्हात, मी ते गच्चीवर ठेवलं. चार दिवसांत पात्यांवर भाजल्यासारखे पांढरट डाग पडले. पाणी कमी पडलं असेल म्हणून पाणी दिलं. कोकोपीटने ते धरून ठेवलं, आणि रोप वरून भाजलं, खालून कुजलं. उन्हाचं झाड असलं तरी सावलीत वाढलेल्याला ऊन हळूहळू दाखवावं लागतं, आधी सकाळचं तासभर, मग दोन तास. आणि आणल्या आणल्या मुळांभोवतीचं ते कोकोपीट झटकून मुरमाड मिश्रणात, मातीच्या कुंडीत लावा. प्लॅस्टिकची कुंडी वापरू नका असं मी ठामपणे म्हणतो. मातीची कुंडी स्वतः घाम गाळते, त्यात झाडाचं भलं आहे.

परदेशी पुस्तकांतून अगेव्हबद्दल वाचणाऱ्यांना ‘काटक’ हा शब्द वारंवार भेटेल. तिथे काटक म्हणजे बर्फात टिकणारं. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या डोंगरांतलं पॅरी जातीचं अगेव्ह शून्याच्या बरंच खाली गेलेलं तापमान सोसतं, म्हणून तिकडच्या थंड प्रदेशातले बागवान ते हौसेने लावतात. आपला हिवाळाही लेचापेचा नाही. विद्यापीठाच्या हवामान केंद्रावर काही वर्षी पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो आणि गावागावांत शेकोट्या पेटतात. पण कोरड्या थंडीने केकताडाचं काही बिघडत नाही. बिनकाट्याचं, मऊ पात्यांचं अटेन्यूआटा तेवढं जपायचं: त्याला थंडीही सोसत नाही आणि आपलं दुपारचं ऊनही. ज्या घरात लहान मुलं आहेत तिथे मात्र मी तेच सुचवतो. पूर्वेकडच्या भिंतीशी, सकाळच्या उन्हात ठेवलं तर ते छान राहतं. गच्चीवर कुंडीत हवं असेल तर राणी व्हिक्टोरियाच्या नावाचं, पात्यांवर पांढऱ्या रेघा ओढलेलं बुटकं अगेव्ह घ्या. ते इतकं सावकाश वाढतं की एकच कुंडी वर्षानुवर्षं पुरते.

मोठ्या अमेरिकानासाठी जागा विचार करून निवडा. आज वीतभर दिसणारं पिल्लू दहा वर्षांत बैलगाडीएवढी जागा घेईल. पायवाटेपासून, दारापासून, मुलांच्या खेळण्यापासून दोन मीटर तरी लांब ठेवा. टोकाचे काटे नखाएवढे छाटले तरी चालतं. पात्याचा हिरवा भाग कापू नका. काम करताना पूर्ण बाह्यांचा सदरा, जाड हातमोजे आणि चष्मा. काट्याने गेलेला डोळा परत येत नाही.

आणखी एक विनंती. सिसलच्या फुललेल्या दांड्यावर शेकडो तयार रोपटी लागतात आणि खाली पडतील तिथे रुजतात. ती गोळा करून गायरानात, डोंगरात ‘वृक्षारोपण’ म्हणून लावण्याची हौस काही ठिकाणी दिसते. गायरानावर पहिला हक्क गवताचा आणि गुरांचा आहे. केकताडाला बांध पुरे, अंगण पुरे.

फुलण्याबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण झाड फुललं की लोक घाबरून विचारायला येतात: याला काय झालं? याला शंभर वर्षांनी फूल येतं असं ऐकलेलं असतं. प्रत्यक्षात दहा ते तीस वर्षांत, जमीन आणि हवा पाहून, ते फुलतं. आधी मधली पाती आखूड आणि अरुंद यायला लागतात. मग एके दिवशी मधून जाडजूड कोंब निघतो, आणि त्याची वाढ दिवसाला वीतभराच्या आसपास. आमच्या बांधावरचं एक केकताड फुललं तेव्हा वडील रोज सकाळी त्याच्याशेजारी काठी उभी करून खूण करत. बाहेर दांडा वर जात होता आणि खाली पाती सुरकुतत होती. इतकी वर्षं राखलेलं सगळं पाणी, सगळी साखर ते वर पाठवत होतं. फांद्यांवर पिवळसर फुलांचे झुबके आले तेव्हा दिवसभर मैना, शिंजीर आणि मधमाश्या, आणि अंधार पडल्यावर वटवाघळं. महिन्या-दोन महिन्यांत मूळ झाड वाळून गेलं. त्याच्या बुडाशी अकरा पिल्लं होती. वाळलेला दांडा वडिलांनी छपराला आडवा घातला. तो काठीसारखा हलका आणि चांगला टिकाऊ निघाला. दांडा आधीच छाटला तर मूळ झाड वाचेल का, असं लोक विचारतात. फार तर थोडे महिने रेंगाळेल. मी तर म्हणतो, फुलू द्या.

२०२४ च्या त्या सप्टेंबरात मी कुजलेलं झाड उपसलं तेव्हा विटांच्या कडेच्या बाहेर, पायरीलगतच्या उंचवट्यावर, तीन पिल्लं धडधाकट सापडली. आळ्याबाहेर पडल्यामुळेच ती वाचली होती. आठवडाभर ओसरीत सुकवून, जिंतूरकडून आणलेल्या मुरमाच्या ढिगावर दसऱ्यानंतर लावली. पुढच्या दोन पावसाळ्यांत काय झालं, कुठे चुकलो, काय टिकलं, हे सगळं या पुस्तिकेच्या शेवटच्या प्रकरणात तारखांसह आहे. त्याआधीची प्रकरणं माती, पाणी, कुंडी, पिठ्या ढेकूण आणि खवले कीड, पिल्लं वेगळी करणं अशा क्रमाने येतात. घाईत असलेल्याने मातीचं प्रकरण तेवढं वाचलं तरी माझी तक्रार नाही.

आबा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा नातू पुण्यात नोकरीला आहे, पोळ्याला गावी येतो. मागच्या पोळ्याला मी त्याला हे लिखाण वाचून दाखवलं. ऐकून झाल्यावर तो काही बोलला नाही. बांधावर गेला आणि खालचं एक पातं कापून आणलं. ओट्यावर ठेवून वरवंट्याने चेचलं, विळ्याच्या बोथट बाजूने खरवडलं. हिरवा फेस निघत गेला आणि आतून ओला पांढरा वाख उघडा पडला. ‘‘काका, हे मी कधी केलं नाही हां, नुसतं बघितलंय,’’ तो म्हणाला. मांडीवर दोन बटा घेतल्या, आणि पीळ उजवा द्यायचा की डावा यावर क्षणभर अडला. मग डोळे मिटून तळवा पुढे सरकवला. दोन्ही बटा एकाच बाजूला पिळत गेल्या, आणि एकत्र सोडल्यावर आपोआप उलट्या फिरून एकमेकींत बसल्या. वीतभर दोर झाला. तो आत्ता हे लिहिताना माझ्या टेबलावर आहे. वाळल्यावर जरा कडक झालाय, आणि अजून ओढ्यासारखा वास येतो.

परभणी